समाजसेवा अधीक्षक आजोबांची स्मरणपुस्तिका: डायऱ्या, कॅसेटी, फोटो यांचं काय आणि कसं करावं? (संकेतस्थळावरचा चर्चेचा धागा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

ओसरी

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ३४ वर्षं समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय), म्हणजे रुग्णांच्या घरच्या आणि पैशाच्या अडचणी बघणारा समाजकार्यकर्ता, म्हणून काम करून २००१ साली निवृत्त झालेले आमचे आजोबा गेल्या वर्षी वारले. वर्षश्राद्धाच्या आत, म्हणजे पाच महिन्यांत, त्यांच्यावर पुस्तिका काढायची आहे. हाताशी आहे ते असं: १९६७पासूनच्या ५१ डायऱ्या (पानाला एक दिवस, मधली काही वर्षं नाहीत), पत्र्याच्या ट्रंकेत पत्रं आणि कागद, चिकट पानांचे चार अल्बम, तीन कॅसेटी. डायऱ्यांतला मजकूर आखूड आहे, बराचसा अक्षरी खुणांत. निवृत्तीनंतरच्या डायऱ्यांत मुख्यतः नातवंडं.

कुठून सुरुवात करावी? काय छापावं, काय छापू नये? पानं साधारण ८० ते १०० धरली आहेत, प्रती २००.

कसर

ट्रंकेपासून सुरुवात करा, कारण रोज नुकसान तिथंच होतंय. ट्रंक घरात न उघडता गच्चीत किंवा गॅलरीत उघडा. कागद एकदम उपसू नका. वरून खाली ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने गठ्ठे ठेवा आणि प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी: "ट्रंक, थर १", "थर २". लावून ठेवणाऱ्याने काय कशाशेजारी ठेवलं, हीसुद्धा माहिती असते. तारीखवार लावायच्या नादात पहिल्याच दिवशी ती पुसली जाते.

टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजलेल्या असणार. ओढू नका. पिनेखाली जाड प्लॅस्टिकची पट्टी सरकवा, पिनेचे पाय चिमट्याने सरळ करा, मग उचला. रुपेरी किडे आणि वाळवीसाठी मऊ कोरड्या ब्रशने झटकणं पुरे, कागदावर औषध फवारू नका. डांबराच्या गोळ्या कागदाला टेकतील अशा टाकू नका. फाटलेल्या जागी सेलोटेप अजिबात नको: काही वर्षांत टेप निघून जाते, पिवळा चिकट डाग मात्र राहतो. लॅमिनेशनही नको. जुनी फॅक्सची पानं आणि थर्मल पावत्या तर लॅमिनेशनच्या उष्णतेने काळ्या पडतात. त्या आधी स्कॅन करा, त्यांची अक्षरं तशीही उडत चाललेली असतात.

चिकट पानांचे अल्बम हा सगळ्यांत वाईट प्रकार. फोटो नखाने उचकटलात तर कोपऱ्याचा थर पानावरच राहील. दात साफ करायचा रेशमी दोरा फोटोखाली घालून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे न्या. तरी निघत नसेल तर पान तसंच स्कॅन करा. काचेच्या फ्रेमला चिकटलेला फोटोही काचेसकट. सुटा झालेल्या फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढून दिसतो आणि शाई खालच्या फोटोला लागते.

नऊनंबरवॉर्ड

पुस्तिकेचा विचार मनापासून आवडला. समाजसेवा अधीक्षकाचं काम ज्यांच्यासाठी होतं ती माणसं घरी निघून जातात. त्यांची कामं इमारतींवर कोरलेली नसतात, फायलीत असतात, आणि त्या फायली उघडायच्या नसतात. म्हणून पहिली गोष्ट गोपनीयतेची.

डायऱ्यांत रुग्णांची नावं, खोली नंबर, गावं असतील. त्यातलं काहीही छापू नका, ओळख पटेल असं काही धाग्यावरही टाकू नका. काही बाबतींत हा नुसत्या सभ्यतेचा प्रश्न नाही, कायदा आहे. विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) किंवा संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं बालन्याय कायदा २०१५च्या कलम ७४ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एचआयव्हीची माहिती २०१७च्या एचआयव्ही कायद्याखाली, मानसिक आजाराची २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली गोपनीय. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव तर कुठेच नाही. नाव काढलं म्हणजे काम झालं असंही समजू नका. "करी रोडच्या अमुक चाळीतला, एक हात गमावलेला, तमुक तालुक्यातला" एवढ्यावर शेजारी माणूस ओळखतात. आजार, पेशा, गाव ही तिन्ही एकत्र राहू देऊ नका.

रुग्णालयाच्या मूळ केसपेपरच्या प्रती ट्रंकेत निघाल्या तर झेरॉक्स न काढता बंद पाकिटात त्या विभागाकडे परत द्या.

रुग्णांनी आजोबांना लिहिलेली पत्रं निघाली तर एक लक्षात ठेवा: कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा (आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा). परवानगीशिवाय अख्खं पत्र छापता येत नाही. आजोबांच्या स्वतःच्या डायऱ्यांचा हक्क आता त्यांच्या वारसांकडे आहे, तेव्हा आजी, वडील, आत्या, काका सगळ्यांचा होकार लेखी घेऊन ठेवा.

खुणा कळत नसतील तर एखादं पान नावं झाकून इथं द्या.

टेपपेटी

कॅसेटींसाठी घाई करा, पण लावून बघायची घाई करू नका. आधी खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसते का पाहा. मुंबईच्या दमट हवेत बुरशी ठरलेली. ती कॅसेट प्लेअरमध्ये घातली की बुरशी हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) आणि तिथून पुढच्या कॅसेटवर. दुसरं, फितीमागे तांब्याच्या पट्टीवर नमद्याचा (फेल्टचा) छोटा तुकडा असतो. त्याचा गोंद सुकून तुकडा गळतो, मग आवाज लांबून आल्यासारखा लागतो. कॅसेट खराब झाली असं समजून लोक टाकून देतात. स्क्रूवाली असेल तर दुसऱ्या चालू कॅसेटच्या कवचात फीत बसवता येते.

क्रम असा. कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या कानपट्ट्या मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फीत शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे एकदा फिरवून घ्या, वर्षानुवर्षं घट्ट बसलेले वेढे सैल होतात. मग हेडफोनच्या भोकातून किंवा लाइन आउटमधून वायरने संगणकात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही फाईलमध्ये. स्पीकरसमोर फोन धरून केलेलं रेकॉर्डिंग चालणार नाही. आवाज घुमट वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवत 'स', 'श' स्वच्छ ऐकू येईपर्यंत जुळवा. सी-१२० (दोन तासांची) असेल तर फीत फार पातळ असते, ती जलद फिरवू नका.

पहिल्याच वेळी पूर्ण रेकॉर्ड करा. पुन्हा लावायची संधी मिळेलच असं नाही.

खिळेजुळारी

छपाईचं सांगतो. डेमी १/८, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, हा आकार घ्या. कागद वाया जात नाही. पानं १६च्या पटीत धरा: ८० किंवा ९६. शंभर पानं केलीत तर शेवटची चार पानं वेगळ्या तुकड्यावर जातात आणि खर्च उगाच चढतो. मजकुराला ७० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाचं वजन) नॅचरल शेड, म्हाताऱ्या डोळ्यांना पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा बरा. फोटो मजकुरात विखरू नका, १३० जीएसएम आर्ट पेपरची आठ पानं मधे एकत्र घाला. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. २०० प्रतींना डिजिटल छपाई, ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च एवढ्या प्रतींत निघत नाही.

फोटो छापील आकाराला ३०० डीपीआय (इंचाला ठिपके) हवा. पाच इंच रुंद छापायचा तर किमान १,५०० पिक्सेल. नातेवाइकांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवलेत तर "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं प्रत्येकाला सांगा, नाहीतर दाबून लहान झालेला फोटो येतो आणि छापल्यावर चेहऱ्याचे चौकोन होतात. जुने लहान फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, मूळ प्रत टिफमध्ये ठेवा.

अक्षरजुळणी युनिकोडमध्येच करा. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलं की पहिला बळी 'ऱ्या'चा: 'दुसऱ्या', 'पायऱ्या', 'वाऱ्यावर' हे शब्द स्वतंत्रपणे शोधून तपासा. आणि 'ल' व 'श' मराठी वळणाचे असलेला फॉन्ट निवडा.

चौथरा

रुग्णालयाचे अधिष्ठाते, नगरसेवक, संस्थांचे अध्यक्ष यांचे शोकसंदेश आधी मागवा. सुरुवातीची दहाबारा पानं ती. पुरस्कार स्वीकारतानाचे फोटो. यामुळे माणसाचं मोठेपण कळतं, पुस्तिकेला वजन येतं.

नऊनंबरवॉर्ड

चौथरा, तुमचा हेतू कळतो, तरी दहा पानं फार होतील. असे संदेश अनेकदा एकाच साच्यातले येतात: "मनमिळाऊ, निगर्वी, तळागाळातल्यांचा आधारवड". नाव बदललं तर कुणालाही लागू पडतील. एक पान ठेवा, तेही शेवटी. मोठेपण दाखवायचं तर या माणसाने सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच नेमकं काय केलं ते लिहा. ते पुढच्या पिढीतल्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडेल.

ओसरी

खोली नंबर आणि नाव झाकून एक पान उतरवून देत आहे. मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४:

"वॉ. ९ – रे. ३. एक: स्ट्रे. २२/६०. बदली, ११ दि. खा. ३ म. गा. प. भाऊ. पी.बी. ४०. गृ.भे. क. रोड, कुलूप. पुन्हा शुक्र."

"बदली" म्हणजे त्यांची बदली झाली होती का? सेवेत तर तशी नोंद नाही.

नऊनंबरवॉर्ड

नाही. हे पान फार बोलकं आहे, एकेक घेऊ.

वॉ. ९ – रे. ३: नऊ नंबर वॉर्डातून तीन रुग्ण समाजसेवा विभागाकडे पाठवले, म्हणजे 'रेफर' झाले. पुढचं सगळं त्यातल्या एकाचं.

स्ट्रे. २२/६०: स्ट्रेप्टोमायसिनची ६० पैकी २२ इंजेक्शनं झाली. म्हणजे क्षयरोगी. त्या काळच्या उपचारात पहिले दोन महिने रोज एक इंजेक्शन आणि सोबत गोळ्या, पुढे नुसत्या गोळ्या, सगळा मिळून सुमारे दीड वर्षाचा पल्ला. रिफॅम्पिसिनवाला सहा महिन्यांचा उपचार सरकारी रुग्णालयांत अजून यायचा होता. माणूस बाविसाव्या इंजेक्शनानंतर यायचा थांबला, म्हणून त्याला रेफर केलं.

बदली: गिरणीतला बदली कामगार. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशीच याला काम. पाळीच्या आधी गेटवर उभं राहायचं, काम मिळालं तर मिळालं. "११ दि." म्हणजे महिन्यात अकराच दिवस भरले. त्यावरून मिळकत किती असेल हे अधीक्षकाला लगेच कळतं.

खा. ३ म.: खानावळीचे तीन महिने थकले. एकट्या गिरणी कामगारांची जेवणं गिरणगावातल्या बायका चालवत असत त्या खानावळींत. (या बायकांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, पुढच्याच वर्षी, १९७५ला उभी राहिली.) क्षयरोग्याच्या बाबतीत ही नोंद महत्त्वाची, कारण खानावळ तुटली की औषध पोटाला झेपत नाही आणि माणूस औषधच सोडतो.

गा. प. भाऊ: गावी भावाला पत्र. पी.बी. ४०: रुग्णालयाच्या पुअर बॉक्स निधीतून ४० रुपये. हा निधी अगदी तातडीसाठी, म्हणून रक्कम लहान. गृ.भे.: गृहभेट.

आता "कुलूप". नवखा माणूस "रुग्ण घरी नाही" लिहून फाईल बंद करतो. एका खोलीत पाळ्या लावून राहणाऱ्या माणसांच्या घराला दिवसा कुलूप असेल तर त्याचा अर्थ वेगळा. म्हणून "पुन्हा शुक्र." शुक्रवारचं पान बघा.

ओसरी

शुक्रवार १५ फेब्रुवारी: "भेटला. रात्रपाळी धरतो. सुई ९ ऐवजी ७, सिस्टरशी बोललो. स्ट्रे. २३."

नऊनंबरवॉर्ड

हेच. इंजेक्शनची वेळ नऊची. रात्रपाळी सुटून आलेला माणूस सात वाजता रुग्णालयाच्या दारावरून जातो, दोन तास थांबायचं त्राण नाही, घरी जाऊन झोपतो. इंजेक्शन बुडतं. रुग्ण बेफिकीर नव्हता, वेळ चुकीची होती. कागदावर हे एका ओळीत मावतं, पण त्यासाठी दोनदा करी रोडला जावं लागलं आणि सिस्टरला तिच्या ड्युटीच्या आधीची वेळ मागावी लागली.

आता असं करा: पुढच्या पानांत "स्ट्रे."चा आकडा शोधत जा. रविवार वगळून रोज एक धरलं तर साठावं मार्चअखेर यायला हवं.

ओसरी

मिळालं. मधे सणाचे आणि काही दिवस चुकलेत. गुरुवार ४ एप्रिल १९७४: "६०/६०. पेढा."

नऊनंबरवॉर्ड

पेढा कुणी कुणाला दिला ते पानावर नाही, तेव्हा पुस्तिकेतही ठरवून टाकू नका. आणि इथं थांबू नका. साठ इंजेक्शनं म्हणजे बरा झाला असं नाही, वर्षभराहून जास्त गोळ्या बाकी होत्या. खोकला थांबतो, वजन वाढतं, माणूस गावी जातो आणि गोळ्या बंद करतो, नेमकं तेव्हाच दुखणं उलटतं. १९७५च्या मध्यापर्यंत "गो." अशी खूण महिन्यातून एकदा सापडते का पाहा. सापडली तर हे एकच प्रकरण पाचसहा पानांचं करा, नाव-गाव-खोली काढून, नोंदी जशाच्या तशा आणि शेजारी अर्थ. शंभर प्रकरणांच्या यादीपेक्षा हे एक पुरं उलगडलेलं जास्त सांगेल.

पायरीवाला

वाटेत एक सुचवणी, सहकाऱ्यांच्या मुलाखतींबद्दल. निवृत्त परिचारिका, वॉर्डबॉय, लिफ्टमन, समोरचा चहावाला: डॉक्टरांच्या आधी यांच्याकडे जा. "ते कसे होते?" विचारलंत तर "देवमाणूस" एवढंच उत्तर येईल. विचारा: "सकाळी आल्यावर आधी कुठल्या वॉर्डात जायचे? टेबलावर काय काय असायचं? पैसे नाहीत असं कुणी म्हटलं तर पहिला प्रश्न काय विचारायचे? चिडायचे कधी?"

सन विचारू नका. मुंबईच्या माणसाला घटनांवरून काळ आठवतो. "गिरणी संपाच्या आधी की नंतर?" (संप १८ जानेवारी १९८२पासून.) "दंगलीच्या वेळी कुठल्या वॉर्डात होते?" (डिसेंबर १९९२, जानेवारी १९९३.) "किल्लारीला गेले होते का?" (भूकंप ३० सप्टेंबर १९९३, पहाटे.) एचआयव्हीच्या मोफत औषधांची सुरुवात १ एप्रिल २००४, म्हणजे ती यांच्या निवृत्तीनंतरची, त्याच्या आठवणी कुणी सांगितल्या तर त्या दुसऱ्याच कुणाच्या आहेत असं समजा.

फोन विमान मोडवर, बोलणाऱ्यापासून हात-दीड हात, पंखा बंद, स्वयंपाकघराचं दार लोटून. ऐकू कमी येत असेल तर बऱ्या कानाच्या बाजूला बसा. सुरुवातीला तारीख, जागा, कोण बोलतंय हे तुमच्या आवाजात. एका बैठकीला पाऊण तास पुरे. बोलणं थांबलं तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. दहा सेकंदं गप्प राहिलात की खरी गोष्ट त्यानंतर येते.

ओसरी

गोळ्यांच्या खुणा जून १९७५पर्यंत मिळाल्या, मधला एक महिना सोडून. बाकी दोन शंका. एक: सेवेतली जन्मतारीख १ जून १९४३, पण पणजीच्या वहीत "माघ शु. ५ शके १८६४". दोन: ५१ डायऱ्या सगळ्या स्कॅन कराव्यात का?

पायरीवाला

१ जून ही शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली तारीख, त्या पिढीत घरोघरी सापडते, कारण शाळा जूनमध्ये सुरू. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे, कारण मधे जानेवारी उलटलेला असतो. लोक हमखास इथं एका वर्षाने चुकतात. म्हणजे तुमची तिथी फेब्रुवारी १९४३, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. पक्की तारीख त्या वर्षाच्या पंचांगातून घ्या. वद्य पक्षाची तिथी असती तर उत्तरेकडचं पंचांग वापरू नका म्हटलं असतं, तिथं वद्य पक्षाला पुढच्या महिन्याचं नाव असतं. पुस्तिकेत दोन्ही तारखा द्या. महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून त्यांची निवृत्ती ३१ मे २००१ असायला हवी. निवृत्तिवेतनाच्या आदेशावर ताडून पाहा. मूळ सेवापुस्तक कार्यालयात राहतं, पण दुय्यम प्रत बहुधा ट्रंकेत असेल. रुजू होण्याच्या आणि पदोन्नतीच्या तारखा तिच्यातून घ्या, आठवणींतून नको. शिक्षणाच्या प्रमाणपत्रावर पदविका आहे की एम.ए. तेही बघून लिहा. टाटा सामाजिक विज्ञान संस्था १९३६ साली सुरू झाली, अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९६४चा, त्यामुळे त्याआधी शिकून गेलेल्यांच्या हाती पदविका असते.

कसर

सगळ्या डायऱ्या म्हणजे साडेअठरा हजार पानं, दोन-दोन पानांचे नऊ हजारांवर फोटो. वीस सेकंदांना एक धरला तरी पन्नासेक तास. दोघं जण रोज तीन तास बसले तर अठरा दिवस. करा, पण पुस्तिकेनंतर. आत्ता निवडक पानं. डायरी सपाट दाबू नका, पुठ्ठ्याची शिवण तुटते. दोन बाजूंना पुस्तकं लावून अर्धवट उघडी ठेवा, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. पातळ कागदावर मागची शाई दिसत असेल तर पानामागे काळा कागद सरकवा, मागची अक्षरं बरीच मावळतात. पांढरा कागद ठेवलात तर उलट उठून येतात.

ओसरी

आता नातवंडांचं. निवृत्तीनंतरच्या प्रत्येक डायरीच्या शेवटच्या पानावर एक तक्ता आहे. पाडव्याच्या दिवशीची प्रत्येक नातवंडाची उंची, चपलेचा नंबर, पडलेले दात तारखेसह, आणि एक रकाना "काय नको म्हणाला/ली". त्यात "दुधावरची साय", "अंधारात जिना", "काकांच्या गाडीत पुढे बसणं". आतल्या पानांत नोंदी अशा, ही २००४ची: "शाळेतून आली. बोलली नाही. विचारलं नाही. पत्ते काढले. ७ वा. सांगितलं, डबा सांडला, सगळे हसले. उद्या झाकण बदलू."

हे वेगळं प्रकरण करावं की शेवटी "कुटुंबवत्सल आजोबा" असा एक लेख पुरे?

नऊनंबरवॉर्ड

लेख नको, पानंच छापा. आणि वेगळं प्रकरणही करू नका.

ही नोंद नीट वाचा. ती घरी लिहिलेली असली तरी केसनोंद आहे. जे दिसलं ते, ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने, स्वतःचं मत न घालता. "विचारलं नाही" हे काम म्हणून लिहिलंय. रडत असलेल्या किंवा गप्प असलेल्या माणसाला लगेच प्रश्न विचारू नये, शेजारी बसून हाताला काहीतरी साधं काम द्यावं, तो आपण होऊन बोलेल, हे वैयक्तिक समाजकार्यात पहिल्या वर्षी शिकवतात आणि अमलात आणायला पुष्कळ वर्षं जातात. साडेतीन-चार तास पत्ते खेळत थांबले ते. आणि शेवटी "उद्या झाकण बदलू". हसणाऱ्यांबद्दल उपदेश नाही, मुलीला धीर देणारं वाक्यही नाही. डब्याचं झाकण सैल होतं, ते बदलायचं. सुई नऊऐवजी सातला, तसंच हे.

"काय नको म्हणाला" हा रकानाही तसाच. मूल काय मागतं ते सगळे लिहून ठेवतात. काय नको म्हणतं ते ऐकणारा माणूस घरात असणं हे त्या मुलांचं भाग्य. "काकांच्या गाडीत पुढे बसणं" अशी नोंद तर कुठल्याही प्रशिक्षित माणसाने दुर्लक्षित केली नसती. पुढच्या पानांवर त्यांनी त्याचा पाठपुरावा केलेला असेल.

ओसरी

केलाय. आठवडाभराने: "पुढच्या सीटचा पट्टा गळ्याला लागतो. उशी शिवली."

नऊनंबरवॉर्ड

१९७४ची पानं डावीकडे आणि २००४ची उजवीकडे, समोरासमोर छापा. मधे निवेदन घालू नका.

मात्र गोपनीयतेचा नियम नातवंडांनाही लागू. ती आता मोठी झाली आहेत. अंथरूण ओलं करणं, मार्क, भांडणं, आजार यांतल्या प्रत्येक नोंदीसाठी ज्याची त्याची परवानगी घ्या, आईबापांची नव्हे. एखाद्याने नको म्हटलं तर कारण न विचारता ते पान काढा.

चौथरा

समोरासमोर पानांची कल्पना पटली. संदेशांचं एक पान शेवटी, मान्य. एकच सुचवतो: रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला आणि समाजकार्य महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना प्रती द्या. मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, देवनारला टाटा संस्था. म्हणजे २०० ऐवजी २२० काढा.

खिळेजुळारी

समोरासमोर छापायचं ठरलं असेल तर तीन गोष्टी आत्ताच पक्क्या करा. डावीकडे नेहमी सम अंकाचं पान येतं, त्यामुळे १९७४चं पान सम पृष्ठावर पडेल अशी पुढची जुळणी हवी. पुढे एखादं पान वाढलं-घटलं तर सगळ्या जोड्या फुटतात, म्हणून पृष्ठसंख्या ठरल्यावर भर घालू नका, घालायचीच तर दोन पानांची. दुसरं, ९६ पानांची परफेक्ट (गोंदाने चिकटवलेली) बांधणी आतल्या बाजूने पाऊण इंच गिळते, हस्ताक्षर कण्याच्या कडेपर्यंत नेऊ नका. तिसरं, हस्ताक्षर काळ्या-पांढऱ्यात बदलू नका, करड्या छटांत ठेवा, नाहीतर पेन्सिलीच्या रेघा उडतील. कण्यावर नाव छापू नका, ९६ पानांचा कणा जेमतेम साडेचार-पाच मिलिमीटर, कापणीत किंचित सरकलं तरी अक्षरं मुखपृष्ठावर येतात.

मुद्रितं (छपाईआधीच्या तपासणीच्या प्रती) तीनदा वाचा. पहिलं मूळ पानाशी ताडून, दुसरं फक्त आकडे आणि तारखा, तिसरं घरातल्या अशा माणसाकडून ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही.

ओसरी

सगळ्यांचे मनापासून आभार. पाने ९६, प्रती २२० ठरल्या. पहिल्या कॅसेटमध्ये विभागातल्या निरोपसमारंभाची भाषणं आहेत. दुसरीत बुरशी दिसते आहे, ती बाजूला ठेवली. तिसरीवर त्यांच्या अक्षरात "पाढे, दोघं" एवढंच लिहिलंय, सी-६० आहे, नमद्याचा तुकडा गळलेला.

टेपपेटी

दुसरी कॅसेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून बाकीच्यांपासून लांब ठेवा, ती अनुभवी माणसाकडून साफ करून घ्या. तिसरीचं कवच बदला. चालू कॅसेटचे पाच स्क्रू काढून वरचं झाकण उचला, आतली फीत कुठल्या चाकावरून कुठल्या रोलरवरून जाते त्याचा आधी फोटो घ्या, मग दोन्ही चक्रं उचलून बाजूला ठेवा आणि तिसऱ्या कॅसेटची फीत तशीच तिथं बसवा. फितीला बोट लावू नका, कडांनी धरा. फीत उलटी बसली तर आवाज दबका आणि पुसट येतो, तेव्हा घाबरू नका, उघडून बाजू पालटा.

दोन्ही बाजू शेवटपर्यंत रेकॉर्ड करा. मधे शांतता लागली तरी थांबवू नका, मुलं पाढा विसरली की आजोबा किती वेळ थांबत ते त्या शांततेत ऐकू येईल.